दोन जिल्ह्यांचा आहेर

माझा भाऊ नरसिंग सोनकांबळे देगलूरच्या एका शाळेत पीटीचा मास्तर हाय. या महिन्यात रिटायर व्हतोय. शाळेतले मास्तर लोक घरी आले, म्हणले, सिंधुताई, सरांच्या निरोपाला तुमी बहीण म्हणून चार शब्द बोला. मी म्हणलं, माझे शब्द तुमच्या माइकला झेपायचे न्हाईत. माझं तोंड कसं हाय ते साऱ्या देगलूरला ठावं हाय. तिथं हार-तुरे चालू असताना मी कुणाला तरी शिवी हासडीन आन् कार्यक्रमाचा पार विचका व्हईल. त्यापरीस इथंच अंगणात बसा, चहा घ्या आन् ऐका.

त्याचा डावा हात तुमी बघितलाय. कोपरात वाकडा, सरळ व्हत न्हाई. पोरं मागं त्याला वाकडे सर म्हणतात. त्याला ठावं हाय, तो हसतो. कुण्या पोरावर हात उगारल्याचं कुणी बघितलं न्हाई. पण त्याची एक खोड हाय. दहावी-बारावीची परीक्षा झाली की कॉलेजवाले कबड्डीची पोरं न्यायला येतात. पहिले जिपा यायच्या, आता मोठ्या गाड्या येतात, येवढाच फरक. नरसिंग त्यांना खुर्ची देतो, पाणी देतो, पोराच्या बापाला बोलावून घेतो. पण पाहुण्यानं पिशवीतून टावेल-टोपी काढली की हा उठतो. म्हणतो, "ते आत ठेवा. पोरगं यायचं तर सवताच्या पायानं येईल." तुमाला वाटतं सर लई कडक हायेत. कडक कशाचा? भ्यालेला हाय तो. मी बी भ्यालेली हाय.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून येगळा निघाला त्याला दोन-तीन सालं झाली व्हती, आन् वरून दुष्काळ. आमचं गाव पार कडेला. गावाखालचा ओढा वलांडला की नांदेड जिल्हा. ओढ्यात टिपूस न्हाई, विहिरीत गाळ, गावची अर्धी माणसं रोजगार हमीवर. बा, माय आन् मी खडी फोडायला जायचो. माझे हात बघा, अजून घट्टे हायेत. घरात दिवसाला एक येळ चूल पेटायची. आन् असल्या सालात आमच्या नरसिंगला कबड्डी सुचत व्हती!

सुचत काय व्हती, अंगात भरली व्हती. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तो एकटाच 'कबड्डी कबड्डी' करत पळायचा. त्याचा दम असा की ऐकणाऱ्यानं बेजार व्हावं. पकडायला कुणी न्हाई म्हणून मला उभं करायचा. "अक्का, धर माझा पाय, सोडू नको." मी धरायची. मला फरफटत रेघेपर्यंत न्यायचा. ढोपरं सोलटून निघायची माझी. माय वरडायची, घोडनवरी झालीस, पोराचे पाय काय धरून राहिलीस? पण मला आवडायचं. खरं सांगते, लई आवडायचं.

त्या साली त्यानं दहावीची परीक्षा दिली. पुढं दोनच वाटा व्हत्या. एक आमच्या संगं खडीवर. दुसरी, कुण्या कॉलेजनं खेळाडू म्हणून नेलं तर फी माफ, ऱ्हायला हॉस्टेल, मेसमधी दोन्ही टाइमचं जेवण, आन् शिकून नोकरी. तिसरी वाट न्हवती. हे साऱ्या घराला ठावं व्हतं. बा कामावर घाव घालताना मधीच थांबायचा आन् म्हणायचा, "सिंधे, पोरगं खडीवर आलं तर माझा जलम वाया गेला बघ."

एप्रिलात भीमजयंतीचे सामने आमच्या गावच्या रानात झाले. जमीन अशी वाळलेली की पडला त्याची कातडी गेली. शेवटच्या सामन्यात नरसिंगनं उदगीरची टीम एकट्यानं झोपवली. बघायला दोन पाहुणे आलते. एक नांदेडच्या कॉलेजचे खेळाचे सर, रेवणसिद्ध सर. दुसरा लातूरच्या कॉलेजचा माणूस, शेषेराव. मास्तर न्हवता तो, संस्थेचा माणूस व्हता, कडक इस्त्रीचा, संगं चार दांडगी पोरं. कॉलेजांची नावं मी घेत न्हाई. आता तिथं दुसरी माणसं हायेत, त्यांचा काय गुन्हा?

सामना सुटला. रेवणसिद्ध सरांनी आमच्या बाला, दगडोबाला, मैदानात बोलावलं. त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टावेल टाकला, हातात नारळ दिला. म्हणले, "दगडोबा, वीस वर्षांची टीम हाय आमची. पोरगं नांदेडला धाडा." बा म्हणला, "हाव साहेब." त्याला दुसरं काय सुचणार? आमच्या गावात टावेल-टोपी म्हंजे पाटलाला, सरपंचाला. गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या माणसाला भर मैदानात, साऱ्या गावादेखत कुणी टोपी घातल्याचं त्या दिवसापर्यंत मी बघितलं न्हवतं.

तेवढ्यात शेषेराव पुढं घुसला. त्यानं बी पिशवीतून टावेल-टोपी आन् नारळ काढला. बाच्या डोक्यावर पहिली टोपी तशीच, तिच्यावर ह्यानं दुसरी घातली! म्हणला, "अहो, पोरगं लातूर जिल्ह्याचं. नवा जिल्हा हाय, आमच्या टीममधी जागा मोकळी हाय. नांदेडला नेऊन बाकावर बसवतील ह्याला. लातूरला धाडा." बा त्याला बी म्हणला, "हाव साहेब."

लोक खदाखदा हसले. टोपीवर टोपी! मी बी हसले. मायनं घरी नारळ फोडले. बौद्धाच्या घरात नारळ फोडायची चाल आमी सोडली व्हती, पण त्या साली खायचं काही सोडलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी पारावर किशनराव पाटील बाला म्हणले, "दगडोबा, दोन घरची सुपारी फोडलीस की रे! आता नवरी कुणाला देतूस?" तवा बाच्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात सोयरीक ठरताना टोपी डोक्यावर आली की जबान झाली. मग मोडली तर दोन घरांत कुऱ्हाडी निघतात. कॉलेजवाल्यांनी तीच रीत उचललेली. आहेर घेतला म्हंजे पोरगं आपलं. बाला वाटलं व्हतं सत्कार हाय. दोघांनी साऱ्या पंचक्रोशीत सांगून ठेवलं, पोरगं आमचं, बापानं जबान दिली.

बा लई घाबरला. पाटील म्हणले, कुणालातरी टावेल वापस धाड. पण वापस धाडणं म्हंजे तर तोंडावर थुंकणं. मग बानं त्याच्या भोळ्या डोक्यानं येगळाच तोडगा काढला. दोघांना बी एकाच दिवशी सांगावा धाडला. सोयरिकीच्या बैठकीला बसतात तसं बसू, चार माणसांत निवाडा करू. अरे बाबा, सोयरिकीत तरी कधी दोन नवरदेव एकाच दिवशी बोलावतात का? पण त्याला कोण सांगणार? मला सुचलं न्हाई, मायला सुचलं न्हाई.

दोन्ही जिपा दुपारच्या टायमाला आल्या. वाड्यासमोर नांदेडची जीप आन् तिच्या नाकाला नाक लावून लातूरची. रेवणसिद्ध सर उतरले तवा त्यांच्यामागं हॉकी स्टिका घेतलेली पोरं व्हती. शेषेरावच्या पोरांच्या हातात सायकलच्या चेनी. ज्यानं त्यानं समजून घेतलं, समोरचा पोरगं पळवायला आलाय. बा दारात सतरंजी अंथरून बसला व्हता, दोन्ही टोप्या धुऊन समोर ठेवल्या व्हत्या. म्हणला, "बसा साहेब, चहा..." त्याचं वाक्य पुरं झालं न्हाई.

शेषेराव वरडला, "पोराला घाला गाडीत!" चेन फिरली ती नांदेडच्या एका पोराच्या कानशिलावर. रगत उडालं ते सतरंजीवर, टोप्यांवर. मग काय, हाणा हाणा! स्टिका बरगड्यांवर पडत व्हत्या, चेनी पाठीवर. आमच्या शेजारच्या केवळाबाईचं म्हातारं मधी पडलं, त्याला लाथ बसली, ते दारातच आडवं झालं. बा हात जोडून मधी गेला, "साहेब, ऐका, साहेब..." तर लातूरच्या एकानं त्याच्याच खांद्यावरचा टावेल त्याच्या गळ्याला आवळला आन् वढत नेलं. आहेराचा टावेल! बाची जीभ बाहेर आली व्हती. मी बघितली या डोळ्यांनी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खडी फोडायचा हातोडा दाराआड व्हता. मी तो उचलला आन् टावेल वढणाऱ्याच्या गुडघ्यावर घातला. असा किंचाळला भाडखाऊ! मग जिपेचा दिवा फोडला, काच फोडली. कुणीतरी मागून माझे केस धरले. मी त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तोंडात रगत आलं, मी थुंकले आन् परत चावले. मला आज बी लाज न्हाई. गाव? गाव पारावर बसून बघून राहिलं व्हतं. आमच्या वाड्यातलं भांडण म्हंजे त्यांना फुकटचा तमाशा.

नरसिंग घरात व्हता. मायनं कडी लावून घेतली व्हती. नांदेडच्या पोरांनी दार लाथांनी तोडलं आन् त्याला बाहेर काढलं. मायला भिंतीवर ढकललं, तिच्या कपाळाला खोक पडली. दोघांनी नरसिंगचा डावा हात धरून त्याला जिपेत वढलं. लातूरच्या पोरांनी त्याचे पाय धरले. कबड्डीत धरतात तसेच धरले, घोट्यात. इकडून हिसका, तिकडून हिसका. मी वरडले, "सोडा रे, मरंल तो!" आन् ड्रायव्हरनं, काय समजून कुणास ठावं, जीप चालू करून पुढं घेतली. नरसिंगचा हात जिपेच्या लोखंडी दांड्यात अडकला व्हता. पाय लातूरच्या पोरांच्या हातात.

आवाज झाला. वाळलेली तुराटी मोडते तसा.

नरसिंग वरडला न्हाई. तोंड उघडं, पण आवाजच न्हाई. सारे थांबले. हात कोपरातून उलट्या बाजूला लोंबत व्हता. रेवणसिद्ध सर जवळ आले, त्यांनी बघितलं, खाली मान घातली. शेषेरावनं बघितलं आन् पोरांना म्हणला, "चला, काय कामाचा राहिला आता." कामाचा! बैल हाय का तो? दोन्ही जिपा गेल्या. ज्याच्यासाठी एकमेकांची डोकी फोडली, तो धुळीत पडलेला, आन् न्यायला कुणी बी तयार न्हाई. बा गळा धरून बसला व्हता. आमच्या माणसानं पोलिसात जावं तर कुणावर केस करावी? बा ठाण्यात गेला तर हवालदार म्हणला, आहेर घेतलासच का?

बैलगाडीत घालून त्याला देगलूरला आणलं. तिथं गौरम्मा म्हणून हाडं बसवणारी बाई व्हती, तेलंगणातली. तिनं त्याच्या काखेत पाय रोवला आन् हात खेचला. नरसिंग तवा वरडला, सारी गल्ली गोळा झाली. ती त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणत व्हती, "एडवकु बिड्डा, एडवकु." रडू नको लेकरा. बांबूच्या कामट्या बांधल्या आन् मला बाजूला घेऊन म्हणली, हाड जुळंल, हात सरळ व्हणार न्हाई. बा घरी आल्यावर बोलायचाच बंद झाला. कामावर जायचा, खडी फोडायचा, पोराकडं बघायचा न्हाई. एकदाच म्हणला, "मीच मोडला त्याचा हात." मला त्याचा राग यायचा आन् दया बी यायची. बिचाऱ्यानं जलमात एकदा टोपी घातली व्हती.

जूनात निकाल लागला. नरसिंग पास. पाऊस न्हाईच. बा त्याला घेऊन नांदेडला गेला. रेवणसिद्ध सर गेटवर आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी व्हतं म्हणे, पण म्हणले, "दगडोबा, हाताशिवाय मी काय करू? माझ्या हाती काही न्हाई." बापलेक वापस आले. दुसऱ्या दिवशी नरसिंग गुमान आमच्या संगं खडीवर आला, एका हातानं पाट्या भरायला. बानं हातोडा खाली टाकला आन् सडकेवरच ढसाढसा रडला. मला ते बघवलं न्हाई.

म्या म्हणलं, उठ नरश्या, चल लातूरला. तिथं शेषेरावच्या कॉलेजच्या टीमची निवड चालू व्हती. तो म्हणला, अक्का, तिथंच? त्यांनीच मोडला ना? मी म्हणलं, मोडला म्हणूनच. पिशवीत शेषेरावचा टावेल आन् टोपी घातली. टोपीवरचे रगताचे डाग गेले न्हवते. एसटीत बसलो.

लातूरच्या त्या मैदानावर टँकरनं पाणी मारून राहिले व्हते. पोरांची कातडी जाऊ नये म्हणून! आमच्या गावात बाया घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरत व्हत्या, आन् इथं मातीला पाणी. माझं डोकं तिथंच फिरलं. शेषेराव खुर्चीवर बसला व्हता, बाजूला कॉलेजची मोठी माणसं, मन्मथ सर म्हणून पंच, चहूकडं पोरं. नरसिंगला बघून तो म्हणला, "हे लोढणं कशाला आणलं?"

मी टावेल-टोपी त्याच्या टेबलावर आपटली. म्हणलं, "आहेर तुमी केलता का न्हाई? भर मैदानात केलता. घेणाऱ्याची जबान असती, तशी देणाऱ्याची बी असती. आमच्या बानं गळा आवळून घेतला, तरी जबानीला न्हाई म्हणला न्हाई. तुमच्या घराण्यात आहेर वापस घ्यायची चाल असंल तर सांगा या साऱ्यांदेखत, मी हे उचलून चालले. पण मग लातूर जिल्ह्यात पोरी देताना तुमच्या टोपीवर कुणी इस्वास ठेवणार न्हाई, बघा!"

मोठी माणसं शेषेरावकडं बघाय लागली. त्याचं तोंड लालबुंद झालं. दात चावून म्हणला, "एक चढाई. सात जणांवर. एक जरी गडी मारून वापस आला तर घेतो. न्हाई आला तर तोंड काळं करायचं." मग पोरांकडं वळून हळूच काही बोलला. समोरच्या सातांत ते दोघं व्हते, ज्यांनी जिपेपाशी नरसिंगचे पाय धरले व्हते. मी वळखलं. एकजण लंगडत व्हता, त्याच्या गुडघ्यावर माझा हातोडा पडला व्हता.

नरसिंगनं माती कपाळाला लावली आन् आत शिरला. कबड्डी कबड्डी कबड्डी. डावा हात पोटाशी. कोपऱ्यावरच्याला पाय लावला आन् वळला, तेवढ्यात लंगड्यानं घोटा धरला. मग सारे तुटून पडले. खेळ कशाचा तो! कुणी कमरेत ढोपर घातलं, कुणी तोंड मातीत दाबलं. एकानं मुद्दाम, मी सांगते मुद्दाम, त्याचा वाकडा हात वढून काढला आन् पिळला. मी रेघेबाहेर उभी, माझी नखं माझ्याच तळव्यांत रुतली व्हती. तो हात परत उकलला. मला कळलं, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला. पण कबड्डी कबड्डी थांबलं न्हाई. तोंडात माती, नाकातून रगत, आवाज घोगरा, पण दम तुटला न्हाई. तो सरकत व्हता. चार-पाच गडी अंगावर घेऊन इंच इंच सरकत व्हता. मी वरडले, "नरश्या, मलाच वढतूस असं समज रे!" त्यानं उजवा हात लांब केला आन् बोटं रेघेला लागली.

मन्मथ सरांनी शिट्टी मारली. अंगावरचे सारे बाद.

शेषेरावनं टोपी उचलली, झटकली, कुणाकडं न बघता म्हणला, "घ्या त्याला." मोठ्या माणसांतला एक पुढं आला, नरसिंगच्या पाठीवर हात ठेवून म्हणला, "शाब्बास! बोल, काय बोलायचंय तुला?" मी वाट बघत व्हते. मला वाटलं आता थुंकंल हा त्यांच्या तोंडावर. मारंल, शिव्या देईल, बाच्या आवळल्या गळ्याचा, आपल्या हाताचा जाब विचारंल. मी तर तेच ऐकायला एसटीनं आले व्हते.

नरसिंगनं उजव्या हातानं नाकातलं रगत पुसलं. म्हणला, "सर, जेवायची येळ कवा असती? माझ्या अक्काला बी एक ताट मिळंल का? ती कालपासून जेवली न्हाई."

मेसमधी लांब सतरंज्या व्हत्या. मला पोरांच्या रांगेत बसवलं. नरसिंग माझ्या शेजारी, हात गळ्यात बांधलेला, खाली मान घालून जेवत व्हता, भराभरा. वरण-भात व्हता, तेलाची भाजी व्हती. वाढायला तो लंगडा पोरगा आला. ज्यानं माझ्या भावाचा घोटा धरला, तोच. माझ्या ताटात त्यानं भात घातला आन् म्हणला, "अक्का, अजून घ्या."

मी घेतला.